जांभळं रक्त आणि ठणठणीत रक्तदाता

लहानपणी तोंड आलं की कापसाच्या बोळ्याने जिभेवर एक जांभळं औषध फासायचे. जेन्शियन व्हायोलेट. नंतर दोन दिवस दात, ओठ, उशीचा अभ्रा, सगळं जांभळं. आता ते फारसं दिसत नाही, पण चाळिशीच्या पुढच्या कुणालाही नुसतं नाव सांगितलं तरी जीभ वळवळते.

हेच औषध ब्राझीलमध्ये एके काळी रक्ताच्या बाटलीत घालत. साओ पाउलोच्या विक्टर नुसेनझ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ च्या सुमारास ही युक्ती मांडली. ४००० भाग रक्ताला १ भाग रंग, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत जेमतेम सव्वाशे मिलिग्रॅम. मग ती बाटली २४ तास फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पेशंटला चढवायची. नळ्या जांभळ्या होत, काही पेशंटांचे ओठ आणि कातडीही काही काळ निळसर-जांभळी दिसे. नातेवाईक काय म्हणत असतील याची कल्पना करा. तरीही लॅटिन अमेरिकेत कित्येक ठिकाणी पुढची अनेक वर्षं हे चालू राहिलं, कारण दुसरा पर्याय जास्त वाईट होता. त्या रक्तात शागास या आजाराचा परजीवी असण्याची शक्यता होती आणि तो रंग त्याला मारत असे.

आता प्रश्न असा, की ज्याच्या अंगात असा परजीवी आहे त्या माणसाचं रक्त मुळात घेतलंच का? तर रक्त देणारा ठणठणीत होता. ताप नाही, अशक्तपणा नाही, हिमोग्लोबिन उत्तम, चार मजले न थांबता चढणारा. आपल्याला काही झालंय हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. सगळा घोळ इथेच आहे, आणि हा लेख त्या घोळाबद्दलच आहे.

शागास हे नाव आपल्याकडे बातम्यांत 'चागास' असंही छापतात, पण पोर्तुगीज उच्चार 'श'कडे झुकतो. कार्लोस शागास हे ब्राझीलचे डॉक्टर. १९०९ साली ते मिनास जेराइस राज्यातल्या लासान्स नावाच्या गावी होते. रेल्वेचा मार्ग टाकण्याचं काम चालू होतं, मजूर मलेरियाने पटापट आडवे होत होते आणि त्यावर उपाय करायला त्यांना पाठवलं होतं. रेल्वेच्या एका डब्यातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. तिथल्या एका इंजिनिअरने त्यांना एक किडा दाखवला. रात्री झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊन रक्त पिणारा. लोक त्याला 'बार्बेइरो' म्हणत, म्हणजे न्हावी. हा चेहऱ्याचाच गिऱ्हाईक, म्हणून. शागास यांनी किड्याचं पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत शेपटीवाले सूक्ष्मजीव वळवळताना दिसले.

इथे क्रम उलटा आहे, आणि वैद्यकाच्या इतिहासात असं क्वचितच होतं. एरवी आधी आजार दिसतो, मग त्याचं कारण सापडतं, मग ते पसरवणारा प्राणी. शागास यांना आधी किडा सापडला, मग त्यातला परजीवी, आणि शेवटी 'हा माणसाला काय करतो' ते शोधायला ते निघाले. परजीवीला त्यांनी आपल्या गुरूंचं, ओस्वाल्दो क्रूझ यांचं नाव दिलं: ट्रिपॅनोसोमा क्रूझी. १४ एप्रिल १९०९ रोजी तो त्यांना बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या तापाने फणफणलेल्या मुलीच्या रक्तात दिसला. जागतिक शागास दिन १४ एप्रिलला असतो तो म्हणूनच. बेरेनिसकडे आपण परत येणार आहोत, तिला लक्षात ठेवा.

हा किडा आपल्या ढेकणाचा लांबचा भाऊबंद, पण बराच मोठा. चांगला इंचभर भरतो. बोलिव्हिया-अर्जेंटिनात त्याला 'विंचुका' म्हणतात. कानाला विंचू वाटतो, पण त्याचा विंचवाशी काडीचा संबंध नाही. राहायला त्याला भेगा लागतात. ब्राझीलच्या खेड्यांतली जुनी घरं म्हणजे आपल्याकडची कुडाची घरं: काट्यांचा सांगाडा, वर मातीचा लेप, डोक्यावर शाकारलेलं छप्पर. लेप वाळला की तडे जातात आणि त्या तड्यांत हे किडे दिवसभर दडून बसतात. दिवा मालवला की बाहेर.

चावण्याने आजार होतो असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. किडा रक्त पिता पिताच विष्ठा टाकतो आणि परजीवी त्या विष्ठेत असतो. चावलेल्या जागी खाज सुटते, झोपेत माणूस खाजवतो आणि ती घाण जखमेत किंवा डोळ्यांत चोळली जाते. डोळ्यातून गेला तर एका बाजूची पापणी टम्म सुजते. ही सूज दिसली तर निदान सोपं, पण ती फार थोड्यांना येते. आणखीही वाटा आहेत. आईकडून पोटातल्या बाळाला, अवयव प्रत्यारोपणातून, आणि चक्क खाण्यापिण्यातून. २००५ साली ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात हमरस्त्यावर विकल्या जाणाऱ्या उसाच्या रसातून लोकांना शागास झाला आणि त्यात काही जण दगावले. उसाबरोबर किडेही चरकात गेले असणार. रसवंतीवर उभं राहून हे वाचत असाल तर घाबरू नका, आपल्याकडे हा परजीवी नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

आणि एक वाट म्हणजे रक्त.

ती समजायची तर शरीरात शिरल्यावर हा प्राणी काय करतो ते पाहायला हवं. पहिले सहा-आठ आठवडे तो रक्तात मोकाट फिरतो. या काळात बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचेवर पाहिलं तरी दिसू शकतो. ताप येतो, गाठी सुजतात, अंग दुखतं. पण बहुतेकांना एवढंही होत नाही, किंवा झालं तरी ते चार दिवसांच्या कणकणीत खपून जातं. खेड्यात तापाला कोण विचारतो?

मग शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि रक्तातले परजीवी झपाट्याने कमी करते. कमी करते, संपवत नाही. उरलेले स्नायूंच्या पेशींत घुसतात, हृदयाच्या आणि अन्ननलिका-आतड्यांच्या. शेपटी टाकून देतात, गोल होतात आणि तिथेच सावकाश वाढत राहतात. अधूनमधून एखादी पेशी फुटते, थोडे रक्तात येतात आणि दुसरी पेशी गाठतात. इतके थोडे की आज काढलेल्या नमुन्यात एखादा सापडेल, उद्याच्या नमुन्यात एकही नाही. माणसाला काहीच जाणवत नाही. ईसीजी सरळ, छातीचा एक्स-रे स्वच्छ, पोटाची तक्रार नाही. ही अवस्था १० वर्षं, २० वर्षं, ३० वर्षं, किंवा जन्मभर टिकते.

डॉक्टर या अवस्थेला अनिश्चित अवस्था म्हणतात. मला हे नाव प्रामाणिक वाटतं. 'सुप्त' म्हटलं की वाटतं आत कुणीतरी गाढ झोपलंय. इथे तसं नाही. संसर्ग निश्चित आहे, परजीवी आहेत, ते काम करताहेत. अनिश्चित आहे ते एवढंच की पुढे या माणसाचं काय होणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानुसार जगात साधारण ७० लाख लोकांना हा संसर्ग आहे. त्यांतल्या तिसऱ्या हिश्शापर्यंत लोकांना पुढे हृदयाचा त्रास होतो, दहा टक्क्यांपर्यंत लोकांना पचनमार्गाचा किंवा मज्जासंस्थेचा. बाकीचे म्हातारे होऊन दुसऱ्याच कशाने तरी जातात. कोण कुठल्या गटात जाणार, हे आज सांगता येत नाही.

आता बेरेनिस. तिचा ताप उतरला, ती मोठी झाली. १९६२ साली तिच्या रक्तातून परजीवी पुन्हा वेगळा काढण्यात आला, आणि नंतर १९७८ मध्ये परत एकदा. तेव्हा ती सत्तरीच्या घरात होती. हृदयविकाराचं लक्षण नव्हतं. ज्या मुलीच्या रक्तात हा आजार जगाने पहिल्यांदा पाहिला, तिनेच तो जवळपास ७० वर्षं अंगावर वागवला आणि तो तिला आजारी पाडू शकला नाही. तिच्या शरीरातून काढलेल्या त्या दोन वाणांवर प्रयोगशाळांत पुढेही संशोधन होत राहिलं.

इतके विरळ परजीवी पकडायची त्या काळची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. प्रयोगशाळेत पैदास केलेले, कधीच संसर्ग न झालेले किडे एका डबीत घालायचे, डबीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं आणि ती पेशंटच्या हातावर उपडी ठेवायची. किडे अर्धा तास पोटभर रक्त पितात. नंतर काही आठवडे त्यांना सांभाळायचं. किड्याच्या पोटात परजीवी आपोआप वाढतात आणि मग त्याची विष्ठा तपासायची. सुईने काढलेल्या थेंबात जे दिसत नाही, ते किड्याच्या पोटात दिसतं. या तपासणीला हो म्हणणाऱ्या पेशंटांना माझा नमस्कार.

तर असा, काहीच त्रास नसलेला माणूस रक्तदानाला येतो. १९३६ सालीच अर्जेंटिनाच्या साल्वादोर मात्सा यांनी इशारा दिला होता की रक्तातून हा आजार पसरू शकेल. पण तेव्हा शागास हा खेड्यातला, कुडाच्या घरातला आजार होता आणि रक्तपेढ्या शहरांत. गाठ पडायचं कारण नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. मिनास जेराइस, बाहिया अशा भागांतून माणसं कामाच्या शोधात साओ पाउलोला येऊ लागली. किडा गावीच राहिला, परजीवी माणसाबरोबर आला. त्यात तिथे रक्त विकत घेण्याची पद्धत होती. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो रक्त विकणार, आणि नुकताच खेड्यातून आलेल्याच्या खिशात पैसे नसणारच. म्हणजे संसर्ग असण्याची शक्यता ज्या माणसांत जास्त, नेमकी तीच रक्तपेढीच्या रांगेत पुढे उभी. १९५२ मध्ये पेद्रेइरा दे फ्रेइटास यांनी रक्त चढवल्याने शागास झालेले पेशंट नोंदवले आणि शंका खरी ठरली.

परजीवी फ्रिजमधल्या थंडीतही तीन-तीन आठवडे जिवंत राहतो, त्यामुळे 'ठेवलेलं रक्त सुरक्षित' हा आधारही नव्हता. मात्र संसर्ग असलेल्याची प्रत्येक पिशवी घेणाऱ्याला आजार देतेच असं नाही. लॅटिन अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांत हे प्रमाण साधारण १० ते २५ टक्के दिसतं. चढवलं काय, यावरही ते ठरतं. लाल पेशींपेक्षा प्लेटलेट्समधून धोका जास्त. आणि घेणारा आधीच अशक्त असतो. केमोथेरपी चालू असलेलं मूल, नुकतंच ऑपरेशन झालेला माणूस, अवयव बसवल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेला पेशंट. दात्याच्या शरीरात ३० वर्षं गप्प बसलेला प्राणी अशांच्या शरीरात थैमान घालू शकतो. म्हणून ती जांभळी बाटली.

पुढे रंगाची जागा चाचणीने घेतली. याला शागासपेक्षा एड्सने जास्त धक्का दिला, असं म्हणावं लागेल. १९८० च्या दशकात एचआयव्हीची भीती पसरली, रक्तपेढ्यांवर सरकारची नजर वळली आणि ब्राझीलमध्ये प्रत्येक दात्याची तपासणी सक्तीची झाली. १९८८ च्या त्यांच्या संविधानात तर रक्ताच्या व्यापारावर बंदीच आली. (आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. कारणं वेगळी, पण गरिबाच्या शिरेवर चालणारी रक्तपेढी ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.) दुसऱ्या बाजूने १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सहा देशांनी मिळून किड्याविरुद्ध मोहीम उघडली, घरोघर फवारणी केली. घरांत राहणाऱ्या मुख्य जातीच्या किड्याकडून होणारा प्रसार थांबल्याचं प्रशस्तिपत्र ब्राझीलला २००६ मध्ये मिळालं.

आता चाचणीबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

रक्तपेढी परजीवी शोधत नाही. तो इतका विरळ असतो की पीसीआर ही त्याचं जनुकद्रव्य शोधणारी आधुनिक चाचणीसुद्धा कित्येकदा हुकते. रक्तपेढी शोधते त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी. चोर सापडत नसेल तर पोलिसांनी त्याच्यासाठी लावलेला बंदोबस्त पाहायचा, तसं. बंदोबस्त दिसला म्हणजे चोर आत आहे असं धरायचं. हे बहुतेक वेळा बरोबर ठरतं. पण कधी कधी बंदोबस्त भलत्याच कारणासाठी असतो. लीशमानिया हा काळा आजाराचा परजीवी या ट्रिपॅनोसोमाचा नातेवाईकच. त्याच्यासाठीची प्रतिपिंडं चाचणीला फसवू शकतात. कधी तर काहीही कारण न सापडता चाचणी 'हो' म्हणते.

इथे दोन माणसांचे हितसंबंध वेगळे होतात. रक्तपेढीला रक्त घेणारा पेशंट वाचवायचा आहे. तिच्या दृष्टीने दहा चांगल्या पिशव्या फेकल्या तरी चालतील, एक वाईट सुटता कामा नये. म्हणून ती एकच, पण अतिशय संवेदनशील चाचणी करते आणि जराशी शंका आली की पिशवी बाद. दात्याला मात्र शंका नको असते. 'मला आजार आहे की नाही?' याचं उत्तर द्यायला वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या दोन चाचण्या जुळाव्या लागतात. म्हणजे पिशवी बाद होणं आणि आजाराचं निदान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'तुमचं रक्त बाद' असं रक्तपेढीचं पत्र वाचणाऱ्याला हे कुणी समजावून सांगत नाही.

हिशोब करून पाहू. अमेरिकेत सगळ्या रक्तदात्यांत शागासचं प्रमाण साधारण २७,५०० त एक आहे. समजा, चाचणी इतकी चांगली आहे की १००० निरोगी माणसांत फक्त एकालाच चुकून 'हो' म्हणेल. तर २७,५०० दात्यांत एक खरा सापडेल आणि त्याच्याबरोबर २७ जण उगाच अडकतील. पत्र २८ घरी जाईल, आजार एका घरी. चाचणी ९९.९ टक्के अचूक असूनही! प्रत्यक्षातल्या चाचण्या याहून सरस आहेत, पण मुद्दा तोच राहतो: आजार जितका विरळ, तितकं पहिल्या 'हो'चं वजन कमी. हाच हिशोब बोलिव्हियातल्या एखाद्या भागात करा, जिथे दहातल्या एकाला संसर्ग आहे. तिथे त्याच चाचणीचा 'हो' जवळजवळ नेहमी खरा निघेल. चाचणी तीच, फरक रांगेत कोण उभं आहे याचा.

अमेरिकेत ही तपासणी जानेवारी २००७ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तिथे हे दात्याच्या आयुष्यात एकदाच करतात. एचआयव्हीची चाचणी दर वेळी करावी लागते, कारण संसर्ग मधल्या काळात होऊ शकतो. शागासचं तिथे बहुतेक तसं नाही. ज्याला आहे त्याला तो लहानपणी, मेक्सिको किंवा एल साल्वादोरच्या घरात झालेला असतो. स्पेनमध्ये तर सरसकट न तपासता लॅटिन अमेरिकेत जन्मलेल्या किंवा आई तिकडची असलेल्या दात्यांचीच तपासणी होते. तिथल्या २००५ च्या नियमातच ती तरतूद आहे.

हे सगळं झालं रक्त घेणाऱ्याच्या बाजूने. आता ज्याला दारातून परत पाठवलं त्याच्याकडे वळू. याबद्दलचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो.

साओ पाउलो आणि मोंतेस क्लारोस इथल्या रक्तपेढ्यांनी १९९६ ते २००२ या काळात शागासमुळे बाद केलेल्या दात्यांची नावं वहीत होतीच. मोंतेस क्लारोस हे मिनास जेराइसच्या उत्तरेकडचं शहर, म्हणजे बेरेनिसच्याच राज्यातलं. संशोधकांनी साधारण दहा वर्षांनी त्यांतले सुमारे ५०० जण शोधून काढले. रक्त दिलं तेव्हा हे सगळे ठणठणीत होते. आजारी माणूस दान करायला जातच नाही. शिवाय त्याच काळात त्याच पेढ्यांत रक्त दिलेले, पण चाचणी निगेटिव्ह असलेले जवळपास तितकेच दाते घेतले. सगळ्यांचे ईसीजी आणि इको काढले. ते वाचणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांना कोण कुठल्या गटातला हे सांगितलं नव्हतं.

संसर्ग असलेल्यांत २४ टक्के लोकांच्या हृदयात आजाराच्या खुणा सापडल्या. संसर्ग नसलेल्यांत ५ टक्के.

हे ५ टक्के विसरायचे नाहीत. वय वाढलं की कुणाच्याही ईसीजीत काहीतरी सापडतं. तुलनेचा गट नसता तर सगळं खापर शागासवर फुटलं असतं. वयाचा वाटा वजा केल्यावर उरतं ते असं: संसर्ग असलेल्या १०० ठणठणीत दात्यांमागे दर वर्षी जवळपास दोघांचं हृदय या परजीवीमुळे बिघडत होतं. ऐकायला आकडा लहान वाटतो, पण हे प्रमाण दर वर्षीचं आहे. आणि उलट बाजूही खरी: दहा वर्षांनीही चारातल्या तिघांच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं.

बिघडतं म्हणजे काय होतं? हृदयात विजेच्या तारांसारखी यंत्रणा असते, ठोका कुठून सुरू करायचा आणि कुठे पोचवायचा हे ती ठरवते. परजीवी आणि त्याच्याविरुद्ध शरीराने वर्षानुवर्षं चालवलेली लढाई, दोन्ही मिळून ही तारांची जाळी खराब करतात. आधी ईसीजीत उजव्या बाजूची तार तुटल्याची खूण दिसते. माणसाला अजून काहीच होत नसतं. मग ठोके चुकतात, चक्कर येते. हृदयाचा स्नायू पातळ होऊन टोकाशी फुगा तयार होतो, त्या फुग्यात गुठळी जमते, ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. कधी पहिलं लक्षण म्हणजे शेतात काम करता करता कोसळणं, आणि लोक म्हणतात हार्टफेल. पचनमार्गात त्याच प्रकारे नसा जातात. अन्ननलिका फुगून ढिली पडते, घास उतरत नाही, पाण्याचा घोट घेत घेत जेवावं लागतं.

औषधं दोन आहेत, बेंझनिडाझोल आणि निफुर्टिमॉक्स. दोन्ही पन्नास वर्षं जुनी. बेंझनिडाझोल साधारण ६० दिवस घ्यावं लागतं, अंगावर पुरळ येतं, हातापायांना मुंग्या येतात, कित्येक जण मध्येच सोडतात. नवजात बाळाला वेळेत दिलं तर ते जवळजवळ खात्रीने बरं होतं. पण हृदय आधीच बिघडलेल्यांना देऊन उपयोग होतो का, हे २८०० हून अधिक पेशंटांवर पाहिलं गेलं. २०१५ मध्ये निकाल आला: रक्तातले परजीवी कमी झाले, हृदयाचं बिघडणं मात्र थांबलं नाही. म्हणजे औषधाला अर्थ आहे तो आधी, माणूस बरा असतानाच. आणि बरा असलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही. तो जातो रक्तदान शिबिराला.

म्हणून मला वाटतं की शागासच्या बाबतीत रक्तपेढी हाच कित्येकांचा पहिला दवाखाना आहे, फक्त ती तसं मानत नाही. तिच्या लेखी काम पिशवी बाद केल्यावर संपतं. पत्र जातं: 'आपण यापुढे रक्तदान करू शकत नाही, आपल्या डॉक्टरांना भेटा.' कुठले डॉक्टर? अमेरिकेत गंमत बघा. २००७ पासून दाते सापडू लागले, पण बेंझनिडाझोलला तिथल्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली २०१७ मध्ये, तीही २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. मधली दहा वर्षं औषध हवं तर संसर्गजन्य रोगांच्या केंद्र सरकारी संस्थेकडून खास परवानगीने मागवावं लागे. रक्तदात्याला आजार सांगणारी यंत्रणा तयार होती, त्यावर औषध देणारी नव्हती.

आपल्याकडे काय, हा प्रश्न आता मनात आलाच असेल. भारतात रक्ताच्या प्रत्येक पिशवीवर एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच तपासण्या सक्तीच्या आहेत. शागासची नाही, आणि नसणं बरोबर आहे. या किड्याच्या काही जाती भारतात सापडतात. एक तर जहाजांतून, उंदरांच्या संगतीने जगभर पसरलेली आहे. पण ट्रिपॅनोसोमा क्रूझी इथे नाही. वर केलेला हिशोब इथे लावला तर सगळेच 'हो' खोटे निघतील.

ट्रिपॅनोसोमाशी महाराष्ट्राची एक गाठ मात्र पडली आहे, जगाने दखल घ्यावी अशी. गुराढोरांना आणि घोड्यांना सर्रा नावाचा आजार होतो, तो ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीमुळे. माणसाला तो होत नाही असंच पुस्तकांत होतं. २००४ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला. चढउताराचा ताप, आणि रक्तात वळवळणारे जीव. जगातली ही पहिली पक्की नोंद. नंतर कारण कळलं: माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं जे जनावरांच्या या परजीवीला फोडून टाकतं, आणि त्या शेतकऱ्याच्या शरीरात नेमकं तेच बनत नव्हतं. सुरामिन हे औषध देऊन तो बरा झाला. गुरांना असलेल्या आजारापासून आपण सगळे रोज एका प्रथिनाच्या जोरावर वाचतोय, हे त्यामुळे ध्यानात आलं.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसाचा शागासशी संबंध येतो तो याच पत्रामुळे. गणेशोत्सवात मंडळाने रक्तदान ठेवलेलं असतं, पहिल्यांदाच तिथे रक्त दिलेलं असतं, म्हणून ही चाचणी झालेली असते. महिन्याभराने पत्र येतं, वर मोठ्या अक्षरांत एका न ऐकलेल्या आजाराचं नाव. पुण्यात जन्म, मेक्सिकोत किंवा त्याच्या पलीकडे कधी पाय ठेवला नाही. अशा वेळी पहिला अंदाज खोट्या 'हो'चा. पत्रात खात्रीच्या दुसऱ्या चाचणीचा निकाल दिलाय का ते पाहावं. नसेल तर डॉक्टरांना ती करायला सांगावी आणि तोवर हृदय गेलं असं समजून इन्शुरन्सची कागदपत्रं काढू नयेत.

पण तेच पत्र शेजारच्या घरातल्या, बोलिव्हियात वाढलेल्या बाईंना आलं, तर गोष्ट वेगळी. चांगला डॉक्टर त्यांना आधी छातीत दुखतं का हे विचारणार नाही. तो विचारेल, लहानपणी घराच्या भिंती कसल्या होत्या? रात्री भिंतीवरून किडे उतरायचे का? आई आहे का, तिची तपासणी झाली आहे का? भावंडं किती, ती कुठे असतात? तुम्हाला मुलं आहेत का, आणखी व्हायची आहेत का? कारण संसर्ग असलेल्या आईकडून साधारण वीसातल्या एका बाळाला तो जातो, आणि आईला गरोदरपणाच्या आधी औषध दिलं तर हा धोका जवळजवळ संपतो. त्यानंतर ईसीजी, आणि पुढे दर वर्षी एक.